आजोबांच्या रॅलेची चुलत बहीण सापडली आहे. तिला फिक्स करू का?

ट्रेंटकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

दोन वर्षांपासून नॉटिंगहमला शिकतेय. आमचा विभाग ज्युबिली कॅम्पसवर आहे. तळं, बदकं, काचेच्या इमारती, सगळं छान. पण ही जागा एकेकाळी रॅले सायकलच्या कारखान्याची होती, हे मला पहिले सहा महिने माहीतच नव्हतं. कळलं त्या रात्री कराडला बाबांना फोन केला, कारण आमच्या घरी आजोबांची रॅले होती. आसनसोलची सेन-रॅले, हिरवी, दांडीची. आजोबा रोज संध्याकाळी ती पडवीत घेऊन रॉकेलच्या फडक्याने पुसायचे आणि आम्हा नातवंडांना घंटीलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत.

तर गेल्या महिन्यात इथल्या एका धर्मादाय दुकानात ४० पौंडांना एक जुनी 'रॅले रेकॉर्ड' मिळाली. १९७० च्या दशकातली, पोलादी फ्रेम, खाली वळलेलं हँडल, दहा गिअर (पुढे ५२ आणि ४० दात्यांच्या दोन चकत्या, मागे पाच), २७ इंची क्रोमच्या रिमा, कॉटरवाले क्रँक (म्हणजे पायडलचे दांडे आसाला पाचरीसारख्या खिळीनं बसवलेले). समोर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला. आजोबांच्या सायकलवर कोणता होता ते मला आठवत नाही, बाबा म्हणतात हाच.

अडचण अशी की मागचा गिअर बदलणारा सिम्प्लेक्स कंपनीचा सांगाडा प्लॅस्टिकचा आहे आणि तो मधोमध तडकलाय. चेन तिसऱ्या चकतीवरून हलत नाही. इथले दोन मित्र म्हणतात, गिअर काढून टाक आणि फिक्स कर. करू का? की पाप लागेल?

सदाशिव उगाच
लागेल.

पन्नास वर्षं एक वस्तू जशीच्या तशी राहिली आणि तुमच्या हातात आल्याबरोबर चाळीस दिवसांत तिचे हातपाय तोडायचे? वाड्याच्या जागी अपार्टमेंट बांधणारे बिल्डर आणि तुम्ही यांत फरक तो काय? मागचा सांगाडा तुटलाय तर दुसरा शोधा. इंटरनेटवर सगळं मिळतं.

वाचूनहसणारा
मला वाटलं मॅच फिक्सिंगचा धागा आहे. फिक्स म्हणजे नक्की काय करतात?

ट्रेंटकाठची
@वाचूनहसणारा, लहान मुलांची तीनचाकी आठवा. चाक फिरलं की पायडल फिरतंच. पाय थांबवायची सोय नाही. साध्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं, ते टकटक वाजतं आणि आपण उतारावर पाय स्थिर ठेवून निवांत बसतो. फिक्सला ते नसतं. चक्री थेट चाकाला आवळलेली. चाक चालू तर पाय चालू.

@सदाशिव, तुमचा मुद्दा मनाला लागला. म्हणूनच विचारतेय.

वाचूनहसणारा
म्हणजे संसारच की. मधेच पाय थांबवता येत नाहीत.

आऊटकाढ्या
लीड्सला असतो, तळघरात आजमितीला सात सायकली आहेत आणि बायकोला पाचच माहीत आहेत. फिक्स बऱ्याच केल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी मागचा आस जिथे बसतो त्या खाचा बघ. आडव्या किंवा तिरप्या, लांबट असतील तर काम सोपं, कारण चेन ताणायला चाक मागे ओढावं लागतं. खाच सरळ उभी असेल तर गिअरच्या सांगाड्याशिवाय चेन ताणायला वेगळे उपद्व्याप. तुझ्या काळातल्या सायकलीला आडव्याच असणार. आजच्या बहुतेक सायकली फिक्सला बाद होतात त्या इथेच.

मग फ्रेमच्या ज्या दोन पात्यांत मागचं चाक बसतं त्यांच्यामधलं अंतर मोज. मागे पाच चकत्या आहेत म्हणजे १२० मिमी असायला हवं. फिक्सचा ट्रॅक हबही (ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा मधला तुंबा) १२० चाच असतो. म्हणजे तुझं नशीब जोरावर आहे, फ्रेम वाकवायला नको. सहा-सात चकत्यांच्या फ्रेमी १२६ च्या असतात, त्या थोड्या आवळाव्या लागतात. पोलाद आहे म्हणून तेही जमतं. अॅल्युमिनियमला असला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट चेनची रेघ. पुढची चकती आणि मागची चक्री एका सरळ रेषेत हवीत. ट्रॅक हबला ही रेघ सायकलच्या मध्यापासून ४२ मिमीवर असते, आणि जुन्या दोन चकत्यांच्या क्रँकला आतली चकती बहुतेक वेळा तिथेच आसपास येते. म्हणून तुझी ४० ची आतली चकती वापर. बाहेरची ५२ ची राहू दे तिथेच, पँटची मोहरी तरी वाचेल. आणि मुख्य म्हणजे कॉटरला हात लावावा लागणार नाही. पन्नास वर्षं बसलेला कॉटर काढणं म्हणजे काय असतं ते ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक.

इचलकरंजीचा धोटा
कॉटर काढायला घाबरता होय? आमच्याकडं कोपऱ्यावरचा सायकलवाला क्रँकखाली लोखंडी पाईपचा तुकडा टेकवतो, नट आट्यांच्या टोकाशी आणून ठेवतो आणि एकच घाव. सव्वा मिनिटात काम. तुमच्या विलायतेत वर्कशॉपवाले यूट्यूब बघत बसत्यात.

आऊटकाढ्या
@धोटा, अगदी मान्य. इकडच्या तरुण मेकॅनिकांनी कॉटर फक्त चित्रात पाहिलेला असतो. एकानं मला "हा कसला स्क्रू" म्हणून विचारलं होतं. पण खालून आधार न देता घाव घातला तर क्रँकच्या आसाचे छर्रे आणि ते ज्यात बसतात ते कप दोन्ही मार खातात, आणि रॅलेच्या नॉटिंगहमच्या स्वस्त मॉडेलांत तळाच्या कपाला बऱ्याचदा इंचाला २६ आटे असतात. बाकी जग २४ वर. कप खराब झाला तर बदली शोधता शोधता पीएचडी संपेल तिची.

सदाशिव उगाच
शीर्षकात 'रॅले' लिहिलंय ते बरोबर आहे का? आमच्या पुण्यात सगळे 'रॅली'च म्हणायचे. इंग्रज स्वतः काय म्हणतात?

ट्रेंटकाठची
इथले जुने लोक 'रॅली'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, अमेरिकन 'रॉली' म्हणतात. कराडात 'रॅले'. मी कराडची.

बॉस्टनबाबा
अमेरिकन 'रॉली' म्हणतात यावर शिक्कामोर्तब. इथे ३८ वर्षं झाली, अजून कानाला खटकतं.

मुली, एक जुनी आठवण सांगतो. बॉस्टनजवळ वेस्ट न्यूटनला हॅरिस सायक्लरी नावाचं दुकान होतं. तिथले शेल्डन ब्राऊन यांनी इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळापासून सायकलीबद्दल इतकं लिहून ठेवलंय की जगभरचे लोक अजून त्यावर चालतात. जुन्या रोड सायकली फिक्स कशा करायच्या यावरही पानंच्या पानं. २००८ साली ते गेले, पण पानं अजून आहेत. त्यांची आणि जुन्या रॅलेची दोस्ती प्रसिद्ध होती. तेव्हा पाप वगैरे काही नाही. ज्यानं रॅलेवर एवढं प्रेम केलं, तोच माणूस फिक्सचाही मोठा प्रचारक होता.

जरा इतिहास. गिअर बदलणारे सांगाडे टूर द फ्रान्समध्ये चालायला १९३७ साल उजाडलं. तोपर्यंत मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चक्र्या असायच्या. घाट आला की शर्यतपटू खाली उतरायचा, नट सोडायचा, चाक उलटं करून लावायचा आणि पुन्हा निघायचा. १९२७ साली इटलीत क्रोचे दाउने नावाच्या घाटात तुलिओ कांपान्योलोची बोटं थंडीनं इतकी बधिर झाली की नटच सुटेनात, आणि त्यातून त्याला खटक्यानं चाक सोडवायची दांडी सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ती दांडी आज कितीतरी सायकलींत आहे.

वाचूनहसणारा
बाबा, तुमच्यामुळे धाग्याला वजन आलं. आता मुद्द्याचं बोलू. 'फिक्स्ड गिअर'ला मराठीत काय म्हणायचं?

उत्रेख्तची काकू
बांधीव सायकल.

सदाशिव उगाच
जखडचाकी.

इचलकरंजीचा धोटा
न थांबणारी. आमच्या आत्तीसारखी.

वाचूनहसणारा
अखंडपायी! माझं ठरलं. अखंडपायी.

बॉस्टनबाबा
'अखंडपायी' ऐकून वारीला निघाल्यासारखं वाटतं. मला आवडलं.

डॉ. गुडघे
अखंडपायी हा शब्द वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे. पाय अखंड राहोत हीच इच्छा.

गमतीचा भाग सोडा. वेग कमी करायला पायडलवर उलटा जोर देतात तेव्हा गुडघ्याला नेहमीपेक्षा वेगळा भार येतो, आणि पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात लोक अतिरेक करतात. माझं सांगणं इतकंच: हलका गिअर घ्या, पाय पायडलला टो-क्लिपनं नीट अडकवा आणि थांबण्याचं मुख्य काम पुढच्या ब्रेकवर सोडा. पायांचा उपयोग वेग आवरायला करा, नाट्यमय घसरत थांबायला नको.

ट्रेंटकाठची
हलका म्हणजे किती? मित्र म्हणतो ४८-१६ लाव, "मस्त वाटतं". तो एकवीस वर्षांचा आहे आणि टेकडीच्या खाली राहतो.

आऊटकाढ्या
मित्राला नमस्कार सांग आणि दुर्लक्ष कर.

हिशेब साधा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते गुणिले चाकाचे इंच. ४० भागिले १६ गुणिले २७ म्हणजे ६७.५ इंच. हे इंच कसले? पूर्वी त्या प्रचंड पुढच्या चाकाच्या सायकली होत्या ना, त्यांच्या चाकाचा व्यास. तुझी सायकल ६७.५ इंच व्यासाच्या चाकाला थेट पायडल लावल्यासारखी चालेल. ४८-१६ म्हणजे ८१ इंच. सपाट ट्रॅकवर ठीक, डर्बी रोडच्या चढाला रडशील. इकडच्या जुन्या सायकल क्लबांत ७२ इंचांच्या मर्यादेतल्या गिअरच्या शर्यती असायच्या, आणि हिवाळाभर तर लोक त्याहून हलक्यावर पाय फिरवायचे. तुला ४०-१७ सुचवतो, साडेत्रेसष्ट इंच.

१७ मागे आणखी एक कारण आहे. पाय अडवून मागचं चाक घसरवत थांबणारे लोक पाय नेहमी त्याच स्थितीत लॉक करतात, त्यामुळे टायर ठरावीक जागीच झिजतो. ४०-१६ हा अपूर्णांक सोपा केला की ५/२, म्हणजे टायरवर दोनच जागा. दोन ठिकाणी टायर टकला. ४०-१७ सोपा होतच नाही, म्हणजे सतरा जागा. तू घसरणार नाहीस हे माहितेय, तरी गणित सुंदर आहे म्हणून सांगितलं.

उताराचंही बघ. ४०-१६ वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वापाच मीटर जाते. ताशी ४० चा वेग आला की पाय मिनिटाला सव्वाशे फेऱ्यांच्या वर जातात. १७ वर त्याहून जास्त. म्हणून उतारावर ब्रेक आधीपासून धरायचा. पाय मिक्सर झाल्यावर धरून उपयोग नाही.

इचलकरंजीचा धोटा
आता माझा किस्सा ऐका. बारावीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी हे फिक्स प्रकरण टीव्हीवर बघितलं. ट्रॅक हब म्हणजे काय, गावात कुणाला माहीत? मावसभावानं डोकं चालवलं, हिरोच्या सायकलचं फ्रीव्हील काढून वेल्डिंगवाल्याकडं नेलं आणि आतला-बाहेरचा भाग चार ठिकाणी टाके मारून एक केला. झालं फिक्स! पुढं जाताना एकदम झकास. उलटी चालते म्हणून गल्लीत पोरांची गर्दी.

मग भाऊ पंचगंगेकडच्या उताराला लागला. खाली म्हशी आडव्या. त्यानं पाय उलटे दाबले. एक-दोन फेऱ्या काहीच झालं नाही आणि मग पाय एकदम हलके. फ्रीव्हील हबवरून उलटं फिरत सुटून आलं होतं. ब्रेक तर आम्ही "फिक्सला लागत नाहीत" म्हणून आधीच काढलेले. तो थेट म्हशीच्या कुशीत. म्हशीला काही झालं नाही. भावाच्या मनगटाला सहा आठवडे प्लॅस्टर.

आऊटकाढ्या
@धोटा, हसलो पण अंगावर काटाही आला. हा किस्सा सगळ्या होतकरूंनी पाठ करावा.

असं का झालं? फ्रीव्हीलचे आटे उजवे. पुढे जोर लावला की घट्ट होत जातं, उलटा जोर दिला की सुटतं. खऱ्या ट्रॅक हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या पायरीवर चक्री, उजव्या आट्यांची. बाहेरच्या लहान पायरीवर लॉकरिंग, डाव्या आट्यांची. उलटा जोर आला की चक्री सुटायला बघते आणि सुटताना लॉकरिंगला आणखी आवळते. दोघं एकमेकांना अडवतात. इंग्रजीत तुमच्या भावाच्या प्रकाराला 'सुइसाइड हब' असंच नाव आहे. तळाच्या कपाची रिंग लॉकरिंग म्हणून लावणारेही दिसतात, पण तिचे आटेही उजवेच, त्यामुळे ती फक्त मनाचं समाधान.

धागाकर्ती, जुना हब वाचवायच्या फंदात पडू नकोस. तयार ट्रॅक चाक घे.

आणि एक लिहायचं राहत होतं. फिक्सची चेन पुसताना चाक हातानं फिरवत फडकं लावायचं नाही. फ्रीव्हीलवर बोट अडकलं तर चेन थांबते. फिक्सवर चाक स्वतःच्या वजनानं बोट घेऊन पुढे जातं. चेनच्या खालच्या पट्ट्यावर, चाक थांबवून, थोडं थोडं पुसायचं. बोटं गेलेली माणसं आहेत.

उत्रेख्तची काकू
बाप रे. माझी ओढणी एकदा इकडच्या साध्या सायकलच्या चेनमध्ये गेली होती, तर गळ्याला झटका बसून सायकल जागीच थांबली. फिक्सवर काय झालं असतं कोण जाणे. मुली, ओढणी, स्कार्फ, लांब कोट, सगळं आवरून.

आमच्याकडे नेदरलँड्समध्ये फिक्स फारशी कुणाला लागत नाही, कारण उलटं पायडल मारून थांबणाऱ्या सायकली घरोघरी आहेत. पाय पुढे मारला की जाते, स्थिर ठेवला की नुसती पळते, उलटा दाबला की मागचं चाक थांबतं. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा पहिल्याच चौकात सवयीनं पायडल मागे फिरवून नीट करायला गेल्या आणि भर रस्त्यात पुतळा झाला. मागची बाई डच भाषेत काय बोलली ते मी त्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.

भटक्या विमुक्त
हे सगळं विलायतेत ठीक. पुण्यात अखंडपायी चालवून दाखवा. मी तीन वर्षं चालवतोय, जुनी दांडीची सायकल. मोजले तर पुढे ४८, मागे १८ दाते होते. चेनही ट्रॅकच्या चेनसारखीच जाड, एक अष्टमांश इंची. म्हणजे आपली दूधवाल्याची सायकल निम्मी फिक्स जन्मतःच असते, फक्त मागचं फ्रीव्हील आडवं येतं.

त्रास एकच, गतिरोधक. साध्या सायकलवर आपण दोन्ही पायडल आडवे धरून उभे राहतो आणि उडी पचवतो. इथे पाय फिरतच असतात. तीन वर्षांत गतिरोधकाच्या आधी नेमकी किती पायडलं मारली की पाय आडवे येतील याचा अंदाज बसलाय. कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला माझा वेगळा मंत्र आहे. वळणावर आतलं पायडल रस्त्याला घासतं ते वेगळंच. ट्रॅकच्या फ्रेमीत क्रँकचा आस उंच असतो, आपला नसतो. १६५ मिमीचे आखूड क्रँक लावले की जरा बरं.

सदाशिव उगाच
कर्वे रस्त्यावर गतिरोधकापेक्षा खड्डे जास्त आहेत, हे तुम्ही पुण्यात नवीन असल्याचं लक्षण.

भटक्या विमुक्त
जन्म कोथरूडचा, साहेब.

सदाशिव उगाच
तेच म्हणतोय. कोथरूड म्हणजे आमच्या वेळी गाव होतं.

वाचूनहसणारा
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत मी पॉपकॉर्न आणतो.

बॉस्टनबाबा
परत रुळावर आणतो. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात केइरिन नावाच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. त्यावर लोक पैसे लावतात, घोड्यांसारखेच. तिथे अजूनही ठरावीक शिक्क्याच्या पोलादी फ्रेमी, फिक्स आणि ब्रेकशिवाय. रस्त्यावरचे ब्रेक काढून फिरणारे हौशी तरुण त्या सायकलींचं अनुकरण करतात, पण ती सायकल बंद ट्रॅकवरची. तिथे समोरून बस येत नाही.

आऊटकाढ्या
बाबांचा मुद्दा पुढे नेतो. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसार सायकलला पुढे आणि मागे वेगवेगळे ब्रेक लागतात. फिक्स असेल तर मागचं चाक पायांनी आवरता येतं असं धरून पुढचा एक ब्रेक पुरतो. पण पुढचा हवाच. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सवरच्या एका तरुणाची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी तो मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण १८६१ सालच्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा ब्रेकच्या बाबतीत स्टाइल नको.

आणि तुझ्या क्रोमच्या पोलादी रिमा. पावसात त्यांच्यावर रबराचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. नॉटिंगहमला पाऊस किती पडतो ते तुला सांगायला नको. सध्या तू जी सायकल चालवतेयस ती पावसात बिनब्रेकचीच आहे. अॅल्युमिनियमच्या रिमा घे. ७०० सी चाकं घेतलीस तर त्रिज्या ४ मिमीनं कमी होते, ब्रेकचे गुटके खाचेत ४ मिमी खाली सरकव. जुन्या वाईनमान ब्रेकला बहुतेक तेवढी जागा असते.

सदाशिव उगाच
मी गेले चार दिवस हा धागा वाचतोय आणि एक गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून मीच विचारतो. या सगळ्यात फ्रेमवर करवत, ग्राइंडर, रंग यांपैकी काय काय चालणार आहे?

कारण सांगतो. आमच्या वडिलांची हंबर होती. मी सत्याऐंशी साली 'स्पोर्टी' करायची म्हणून चेनकव्हर कापलं, मडगार्ड काढून भंगारात दिलं, दांड्यांचे ब्रेक काढून तारांचे लावले आणि काळ्यावर लाल रंग मारला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ती चालवायची सोडली आणि चालत ऑफिसला जाऊ लागले. आज तसं चेनकव्हर जुन्या बाजारात शोधतोय, अकरा वर्षं झाली. हंबरचं मिळत नाही. म्हणून सुरुवातीला जरा तोडून बोललो.

ट्रेंटकाठची
सदाशिवकाका, एकदम गप्प झाले वाचून.

काल सायकल उलटी करून नीट बघितली. गिअरचा सांगाडा एका वेगळ्या पट्टीनं खाचेत अडकवलेला आहे, नट सोडला की पट्टीसकट बाहेर येतो. गिअरचे खटके खालच्या नळीवर कड्यानं आवळलेत. कापायचं असं काही नाहीच. रंग मी मारणार नाही. जिथे खरवडलंय तिथे खाली गंज आहे, तेवढाच पुसेन.

सदाशिव उगाच
मग करा. काढलेली प्रत्येक वस्तू, वायसरसुद्धा, एका खोक्यात. खोक्यावर काय कुठलं ते लिहून. तुटका सांगाडाही टाकू नका.

उत्रेख्तची काकू
सदाशिवराव विरघळले! तारीख नोंदवून ठेवा कुणीतरी.

आऊटकाढ्या
+१ खोक्याला. आणि चाक दोन्ही बाजूंना आटे असलेलं घे. एका बाजूला १७ ची फिक्स चक्री, दुसऱ्या बाजूला १८ चं साधं फ्रीव्हील. एका दात्याच्या फरकानं आस जेमतेम ३ मिमी सरकतो, त्यामुळे चेन तीच चालते. पाय दुखला, गुडघा कुरकुरला, मैत्रिणीला द्यायची झाली, चाक उलटं कर. बॉस्टनबाबांनी सांगितलेल्या जुन्या टूरसारखं. फक्त फ्रीव्हीलची बाजू वापरणार असशील तर मागचा ब्रेकही हवा, म्हणून दोन्ही ब्रेक राहू दे.

ट्रेंटकाठची
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. झाली!

विद्यापीठाच्या सायकल-दुरुस्तीच्या खोलीत दोन शनिवार गेले. चक्री आवळायला चेनचा चाबूक म्हणतात तो पाना लागतो आणि लॉकरिंगला आकडीचा. डावे आटे आहेत हे चार वेळा स्वतःला सांगूनसुद्धा पहिल्यांदा उलट्याच बाजूला जोर लावला. चेनची रेघ बघायला दोरी लावली, दोन-एक मिमीचा फरक निघाला, तो चालतो म्हणे. ब्रेकचे गुटके अगदी खाचेच्या तळाला टेकले, पण पोचले. खोकं भरलं. त्यावर मराठीत लिहिलंय, त्यामुळे घरमालकीण त्याला देवाचं सामान समजते आणि हात लावत नाही.

पहिली फेरी रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. सायकलचा आवाजच येत नाही! टकटक नाही, खडखड नाही, फक्त टायर. मग ट्रायम्फ रोडला एक बदक आडवं आलं आणि मी तीस वर्षांच्या सवयीनं पाय थांबवले. सायकलनं मला सीटवरून उचललं. खरोखर उचललं, कुणीतरी खालून ढकलावं तसं. हँडलवर पोट आपटलं, ब्रेक हातातच होता म्हणून वाचले. बदक निवांत.

आतापर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले. डर्बी रोडचा चढ ४०-१७ वर उभी राहून निघतो. चढाला एक गंमत कळली, पायडल वरच्या टोकाला अडकतंय असं वाटतं तेव्हा चाकच पायाला पुढे ओढतं. उतरताना मात्र अजून तोंड वेडंवाकडं होतं, पाय पळतात आणि मी मागे राहते.

बाबांना व्हिडिओवर दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॅरियर कुठाय? भाजी कशात आणणार?"

इचलकरंजीचा धोटा
बाबा बरोबर बोलले. आणि म्हैस टाळा.

डॉ. गुडघे
गुडघे कसे आहेत?

ट्रेंटकाठची
गुडघे ठीक. मांड्या कुणाच्या तरी दुसऱ्याच आहेत असं वाटतं.

सदाशिव उगाच
फोटो मोठा करून पाहिला. बगळ्याचा बिल्ला पुसून चकचकीत केलात ते बरं केलंत. पण चेन खाली लोंबतेय.

आऊटकाढ्या
अरे हो की! बोटानं मधोमध दाबून बघ, वर-खाली मिळून सेंटीमीटरभर हलली पाहिजे, त्याहून जास्त नको. फिक्सवर ढिली चेन उतरली तर चाक जाम. पायडल पूर्ण फिरवून जिथे सगळ्यात ताठ होते तिथे मोज, जुन्या चकत्या पूर्ण गोल नसतात.

ट्रेंटकाठची
दोन्ही बाजूंचे नट सोडून चाक अर्ध्या बोटानं मागे घेतलं. आता एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली येतेय. सदाशिवकाका, नवा फोटो टाकलाय, बघता का?

सदाशिव उगाच
चष्मा आणतो.